व्हेक्टर डेटाबेस: रॅममध्ये काय ठेवायचं, डिस्कवर काय सोडायचं

व्हेक्टर शोध (मजकूर आकड्यांच्या यादीत, म्हणजे व्हेक्टरमध्ये, बदलून अर्थानं जवळचे व्हेक्टर शोधणं) मंद झाला की बहुतेक जण आधी मोठं मशीन घेतात. मग बिल येतं आणि कुणीतरी क्वांटायझेशनचं (व्हेक्टर कमी बिटांत साठवण्याचं) बटण दाबतं. खर्च खाली येतो, सगळे खूश होतात. तीन आठवड्यांनी तक्रार येते की शोधात ‘काहीतरी बिघडलंय’, पण नेमकं काय बिघडलंय हे कुणालाच सांगता येत नाही, कारण बटण दाबण्याआधी काय होतं ते कुणी मोजलेलंच नसतं.

साठवण म्हटलं की आपण एकच आकडा डोळ्यांसमोर आणतो: एकूण इतके जीबी. पण डिस्कवरचा जीबी आणि रॅममधला जीबी यांच्या किमतीत प्रचंड फरक आहे, आणि व्हेक्टर डेटाबेसचं बिल जवळजवळ नेहमी रॅम ठरवते. त्यामुळे ‘डेटा किती’ यापेक्षा ‘क्वेरी चालू असताना त्यातला किती भाग रॅममध्ये असायलाच हवा’ हा प्रश्न कामाचा. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका प्रश्नाभोवती फिरतात.

पायरी १: आधी मोजपट्टी तयार करा

ही पायरी कंटाळवाणी आहे, म्हणून सगळे टाळतात. टाळू नका.

तुमच्या लॉगमधून ५०० ते १००० खऱ्या क्वेरी उचला. प्रत्येक क्वेरीसाठी कोणताही इंडेक्स (सगळे व्हेक्टर न चाळता जवळचे शोधून देणारी रचना) न वापरता, मूळ पूर्ण अचूकतेच्या व्हेक्टरांवर सरसकट तुलना चालवा आणि सगळ्यात जवळचे १० आयडी एका फाइलमध्ये जतन करा. याला वेळ लागेल, लागू द्या, कारण हे एकदाच करायचंय. यापुढे कोणताही बदल केला की त्याच क्वेरी नव्या रचनेवर चालवायच्या आणि खऱ्या १० पैकी किती सापडले ते बघायचं. सरासरी ९.५ सापडत असतील तर रिकॉल ०.९५.

क्वेरी खऱ्याच हव्यात. यादृच्छिक आकड्यांचे व्हेक्टर बनवून चाचणी करणारे पुष्कळ भेटतात. जास्त मितींमध्ये (मिती म्हणजे व्हेक्टरमधला एकेक आकडा) यादृच्छिक बिंदू एकमेकांपासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे ‘सगळ्यात जवळचा’ या शब्दालाच फारसा अर्थ उरत नाही आणि रिकॉल उगाचच वाईट दिसतो. खऱ्या मजकुराच्या एम्बेडिंगमध्ये (मॉडेलनं मजकुरापासून बनवलेल्या व्हेक्टरांमध्ये) गट असतात, झुबके असतात. इंडेक्स त्यांच्याच जिवावर चालतो.

वेळेचंही तसंच. सरासरी लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ) बघून समाधान मानू नका; पी९५ आणि पी९९, म्हणजे ९५ आणि ९९ टक्के क्वेरी ज्या वेळेच्या आत संपतात ते आकडे, लिहून ठेवा. आणि दोन आकडे आधीच ठरवा: रिकॉल कितीच्या खाली चालणार नाही, आणि पी९५ किती मिलिसेकंदांच्या वर चालणार नाही. हे दोन आकडे कागदावर असले की उरलेलं काम म्हणजे त्या कुंपणाच्या आत सगळ्यात स्वस्त रचना शोधणं.

पायरी २: व्हेक्टरच कमी करा

सगळ्यात मोठी बचत इंडेक्सच्या सेटिंगमध्ये नसते, ती इथे असते. दस्तऐवजांचे तुकडे करताना दोन तुकड्यांत २० टक्के मजकूर सामाईक ठेवलात तर व्हेक्टरांची संख्या २५ टक्क्यांनी वाढते, कारण प्रत्येक नवा तुकडा फक्त ०.८ लांबीनं पुढे सरकतो. ५० टक्के सामाईक ठेवलात तर संख्या थेट दुप्पट. शोधाचा दर्जा त्यानं खरंच सुधारतोय का, हे पायरी १ मधल्या क्वेरींवर तपासा. मात्र तुकड्यांची रचना बदलली की आयडीही बदलतात, म्हणून इथे तुकड्यांऐवजी मूळ दस्तऐवजाचा आयडी जुळवून बघावा लागतो. पानोपानी येणारे सारखेच हेडर-फूटर, एकाच फाइलच्या चार प्रती, दहा शब्दांचे अर्थहीन तुकडे, हा केरकचरा एम्बेडिंग करण्याआधीच काढला तर पुढच्या प्रत्येक पायरीवर पैसे वाचतात.

मग मिती. काही मॉडेलं अशी शिकवलेली असतात की व्हेक्टरच्या सुरुवातीच्या मितींतच सगळ्यात महत्त्वाची माहिती येते आणि शेपूट कापली तरी अर्थ बऱ्यापैकी टिकतो. या पद्धतीला मात्र्योश्का म्हणतात. तिच्यावरचा शोधनिबंध २०२२ चा आहे. ओपनएआयनं २०२४ च्या जानेवारीत आणलेल्या ‘टेक्स्ट-एम्बेडिंग-३-लार्ज’ मॉडेलचे व्हेक्टर ३०७२ मितींचे असतात, पण ते २५६ मितींवर आणले तरी एमटीईबी या चाचणीत त्याच कंपनीच्या आधीच्या १५३६ मितींच्या मॉडेलपेक्षा सरस ठरतात, असं कंपनीनं तेव्हाच जाहीर केलं होतं. तुमचं मॉडेल या जातीचं असेल तर मिती निम्म्या करून रिकॉल बघा. दोन गोष्टी सांभाळा. कापल्यानंतर व्हेक्टरची लांबी पुन्हा १ करून घ्या, नाहीतर डॉट प्रॉडक्टचे (दोन व्हेक्टरांची जवळीक मोजणाऱ्या गुणाकाराचे) आकडे चुकतात. आणि मॉडेल या पद्धतीनं शिकवलेलं नसेल तर शेपूट कापू नका. तिथे महत्त्वाची माहिती कुठेही पसरलेली असते.

पायरी ३: हिशेब हातानं मांडा

उदाहरण म्हणून १ कोटी व्हेक्टर घेऊ, प्रत्येकी ७६८ मिती. नेहमीच्या ३२-बिट फ्लोटमध्ये एका मितीला ४ बाइट, म्हणजे एका व्हेक्टरला ३०७२ बाइट आणि सगळे मिळून साधारण ३०.७ जीबी. १६-बिट फ्लोटमध्ये निम्मे, १५.४ जीबी. ८-बिट पूर्णांकात ७.७ जीबी. एका मितीला एकच बिट ठेवला तर एक व्हेक्टर ९६ बाइटांत बसतो आणि सगळे मिळून १ जीबीच्याही आत.

आता इंडेक्सचा बोजा. सध्या सगळ्यात जास्त चालणारा इंडेक्स एचएनएसडब्ल्यू. मालकोव आणि याशुनिन यांनी २०१६ मध्ये मांडलेला हा थरांचा आलेख आहे. प्रत्येक व्हेक्टर आपल्या काही शेजाऱ्यांशी जोडलेला असतो आणि शोध एका शेजाऱ्याकडून दुसऱ्याकडे उड्या मारत जातो. त्यातला ‘एम’ हा आकडा शेजारी किती ते ठरवतो. सगळ्यात खालच्या थरात एमच्या दुप्पट जोडण्या असतात. एम १६ असेल तर ३२ जोडण्या, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे १२८ बाइट; वरचे थर धरून दीडशेच्या आत. १ कोटींना साधारण दीड जीबी.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. मूळ व्हेक्टर ३०७२ बाइट आणि आलेख दीडशे. म्हणजे पूर्ण व्हेक्टर रॅममध्ये असताना एम कमी करून बिल कमी करायला जाणं म्हणजे हत्तीच्या पाठीवरची माशी उडवणं. पण व्हेक्टर ९६ बाइटांवर आणला की चित्र उलटं होतं: आता आलेखच व्हेक्टरपेक्षा जड. तेव्हा एम ६४ ठेवणं म्हणजे फक्त जोडण्यांवर ५ जीबी घालवणं. एकच सेटिंग एका ठिकाणी फुकट आणि दुसऱ्या ठिकाणी महाग. म्हणून कुणाच्या तरी लेखातले आकडे जसेच्या तसे उचलू नका. या लेखातलेही.

पीजीव्हेक्टर (पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये व्हेक्टर शोध देणारी जोडणी) वापरत असाल तर आणखी एक बाब धरा: व्हेक्टर टेबलमध्ये असतो आणि एचएनएसडब्ल्यू इंडेक्समध्ये त्याची वेगळी प्रत असते. २०२४ च्या ०.७.० आवृत्तीपासून ‘हाफव्हेक’ हा १६-बिट प्रकार आला आहे. टेबलमध्ये पूर्ण व्हेक्टर ठेवून फक्त इंडेक्स हाफव्हेकवर बांधता येतो. रिकॉलमधला फरक बहुधा मोजपट्टीवर दिसतही नाही. या सगळ्या यादीत इतकं निर्धास्तपणे करण्यासारखं दुसरं काही नाही.

पायरी ४: इंडेक्स लागतोच का?

१ लाख व्हेक्टर, ७६८ मिती: ३०७ एमबी. सेकंदाला १० जीबी वाचणारा एक थ्रेड हे सगळं ३० मिलिसेकंदांच्या आसपास चाळतो, आणि रिकॉल १.०. एवढ्याशा डेटावर आलेख बांधून त्याची निगा राखत बसलेले लोक पाहिले की वाईट वाटतं.

त्याहून मोठ्या डेटासाठी एचएनएसडब्ल्यू आणि आयव्हीएफ हे दोन मुख्य पर्याय. आयव्हीएफमध्ये व्हेक्टरांचे गट पाडतात आणि क्वेरीच्या जवळचे मोजकेच गट चाळतात. १ कोटींचे ४००० गट केले तर एका गटात सरासरी २५००. त्यातले २० गट उघडले तर ५०,००० तुलना, म्हणजे एकूण डेटाच्या अर्धा टक्का. जास्तीची जागा जवळपास लागतच नाही आणि बांधणीही भराभर होते. पण तेवढाच रिकॉल गाठायला बहुधा एचएनएसडब्ल्यूपेक्षा जास्त वेळ जातो. शिवाय गटांची केंद्रं बांधणीच्या वेळच्या डेटावरून ठरतात. रिकाम्या टेबलवर आयव्हीएफ इंडेक्स बांधून नंतर डेटा भरला तर ती केंद्रं निरर्थक ठरतात. ही चूक नवखे हमखास करतात.

पायरी ५: छोटी प्रत रॅममध्ये, मूळ प्रत डिस्कवर

वेग आणि खर्च यांचा मेळ खरा इथे बसतो, म्हणून इथे जरा थांबू.

क्वांटायझेशन म्हणजे व्हेक्टरची ओबडधोबड नक्कल. तिचे तीन प्रकार नेहमी भेटतात. ८-बिट पूर्णांकात प्रत्येक मितीची किंमत २५६ पायऱ्यांपैकी एकीवर बसवतात. इथे एक मेख आहे: एखाद-दोन टोकाच्या किमतींमुळे पायऱ्या फार रुंद होतात आणि बहुसंख्य आकडे मधल्या थोड्याच पायऱ्यांवर गर्दी करतात. म्हणून टोकाचा १ टक्का छाटून पट्टी आखायची सोय असेल तर ती वापरा.

दुसरा प्रकार प्रॉडक्ट क्वांटायझेशन, २०११ पासूनचा. ७६८ मितींचे ८-८ मितींचे ९६ तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यासाठी नमुन्याच्या डेटावरून २५६ ठरावीक आकार शिकतात आणि खऱ्या तुकड्याऐवजी सगळ्यात जवळच्या आकाराचा क्रमांक लिहितात. क्रमांकाला १ बाइट, म्हणून व्हेक्टर ९६ बाइटांचा. क्वेरी आली की तिच्या प्रत्येक तुकड्याचं त्या २५६ आकारांपासूनचं अंतर एकदाच काढून तक्ता करतात. मग प्रत्येक व्हेक्टरसाठी तक्त्यातल्या ९६ नोंदींची बेरीज केली की झालं. दोष असा की हे आकार तुमच्या जुन्या डेटावर शिकलेले असतात. वर्षभर तांत्रिक मजकूर भरला आणि मग अचानक कायद्याची कागदपत्रं येऊ लागली तर नक्कल बिघडते, तीही गुपचूप.

तिसरा प्रकार बायनरी: प्रत्येक मिती शून्याच्या वर की खाली, एवढंच टिपायचं. ३२ पट बचत, आणि तुलना म्हणजे फक्त वेगळे बिट मोजणं, त्यामुळे वेगही जबरदस्त. हजाराच्या पुढे मिती असलेल्या मॉडेलांवर हा प्रकार बऱ्याचदा छान चालतो. दोन-तीनशे मितींवर मात्र सहसा तोंडघशी पाडतो.

नुसत्या नकलेवर शोध थांबवायचा नसतो. एका क्वेरीचा प्रवास बघा. तुम्हाला १० निकाल हवेत. रॅममधल्या बायनरी नकलांवर आलेख फिरवून १० ऐवजी ४० उमेदवार काढायचे. या ४० जणांचे मूळ व्हेक्टर डिस्कवरून वाचायचे: ४० गुणिले ३०७२, म्हणजे १२० केबीच्या आसपास. त्यांची क्वेरीशी अचूक तुलना करून पहिले १० परत द्यायचे. चांगल्या एनव्हीएमई डिस्कवर (वेगवान एसएसडीवर) एक विखुरलेलं वाचन साधारण १०० मायक्रोसेकंदांचं. एकामागून एक केली तरी ४ मिलिसेकंद, समांतर केली तर त्याहून बरीच कमी. आणि रॅम? आलेख दीड जीबी, नकला १ जीबी. जिथे ३२ जीबी लागत होते तिथे अडीच. मूळ ३०.७ जीबी स्वस्त डिस्कवर पडून आहेत.

त्यामुळे नकलेकडून अपेक्षा फार माफक ठेवायची: खरे १० जण तिच्या ४० मध्ये असले की पुरे, क्रम चुकला तरी चालेल. तेच मोजा. ४० मध्ये ते येत नसतील तर ८० करा, मग १६०. तरीही रिकॉल कुंपणाच्या आत येत नसेल तर ती नक्कल तुमच्या मॉडेलला मानवत नाही, ८-बिटवर परत या. क्वाड्रंटसारख्या डेटाबेसमध्ये नक्कल कायम रॅममध्ये ठेवणं, मूळ व्हेक्टर डिस्कवर ठेवणं आणि किती पट उमेदवार काढायचे हे सांगणं, या तिन्हींसाठी वेगवेगळी सेटिंग आहेत. त्यांपैकी पहिलं विसरलात तर नक्कलही डिस्कवरून वाचली जाऊ शकते आणि सगळा खटाटोप वाया जातो.

पायरी ६: फुकटचं बटण शेवटी फिरवा

एचएनएसडब्ल्यूचे तीन आकडे तीन वेगळ्या खिशांतून पैसे काढतात. एम साठवण खातो. ‘ईएफ कन्स्ट्रक्शन’, म्हणजे बांधताना शेजारी निवडायला किती उमेदवार धरायचे तो आकडा, फक्त बांधणीचा वेळ खातो. ‘ईएफ सर्च’, म्हणजे शोधताना किती उमेदवार हाताशी ठेवायचे तो आकडा, फक्त क्वेरीचा वेळ खातो. साठवणीवर त्याचा शून्य परिणाम, आणि इंडेक्स पुन्हा न बांधता तो बदलता येतो. म्हणून जागेची चणचण असेल तर एम १६ वरच ठेवा, बांधणीला वेळ देऊन ईएफ कन्स्ट्रक्शन वाढवा आणि मग ईएफ सर्च २०, ४०, ८०, १६०, ३२० असा दुप्पट करत प्रत्येक वेळी रिकॉल व पी९५ टिपा. सुरुवातीला रिकॉल झपाट्यानं चढतो, मग रेघ सपाट होते आणि वेळ मात्र वाढतच राहतो. ठरवलेला रिकॉल जिथे पहिल्यांदा ओलांडला जातो तिथे थांबा.

पायरी ७: आलेखच डिस्कवर न्यायचा झाला तर

डेटा इतका वाढला की आलेख आणि नकलाही रॅममध्ये मावत नाहीत, तर काही जण एचएनएसडब्ल्यूची फाइल तशीच डिस्कवर ठेवून ‘ऑपरेटिंग सिस्टिम बघून घेईल’ म्हणतात. ती बघत नाही. एका शोधात शेकडो, कधी हजारांवर व्हेक्टर तपासले जातात आणि पुढची उडी आधीच्या उडीच्या निकालावर ठरते, त्यामुळे सगळी वाचनं समांतर करता येत नाहीत. रॅममधून वाचायला १०० नॅनोसेकंद लागत असतील तर डिस्कला त्याच्या हजारपट. हजार वाचनं एकामागून एक झाली की १०० मिलिसेकंद गेलेच.

मी स्वतः यात एकदा फसलोय. चाचणीत पी९५ सुरेख येत होता, म्हणून रचना तशीच चालू केली. प्रत्यक्षात क्वेरी रखडायला लागल्या. चाचणीत मी त्याच दोनशे क्वेरी पुन्हा पुन्हा चालवत होतो; त्यांना लागणारी पानं पहिल्या फेरीतच रॅमच्या कॅशमध्ये येऊन बसली होती आणि मी डिस्क मोजतोय असं समजून रॅमच मोजत होतो. तेव्हापासून डिस्कवरची प्रत्येक चाचणी कॅश रिकामी करून, आणि कधीही न चालवलेल्या क्वेरींवर.

डिस्कसाठी मुद्दाम घडवलेले आलेख वेगळे असतात. २०१९ च्या डिस्कएएनएनमध्ये व्हेक्टर आणि त्याच्या शेजाऱ्यांची यादी डिस्कवर एकत्र ठेवतात, म्हणजे एका वाचनात दोन्ही हाती येतं. उड्या कमी लागाव्यात अशी जोडण्यांची रचना असते. आणि वाट ठरवण्यासाठी रॅममध्ये छोट्या नकला असतात. ६४ जीबी रॅम आणि एका एसएसडीवर १०० कोटी व्हेक्टर, ९५ टक्क्यांवर रिकॉल, सरासरी ३ मिलिसेकंदांच्या आत, असे आकडे त्या शोधनिबंधात आहेत. तुमचा डेटा त्या आकाराचा नसेल तर पायरी ५ बहुतेक पुरते.

पायरी ८: फिल्टर, डिलीट आणि प्रती

पीजीव्हेक्टरमध्ये ईएफ सर्च मुळात ४० असतो आणि ‘फक्त अमुक विभागातलं दाखव’ ही अट इंडेक्स चाळून झाल्यावर लागते. अट १० टक्के ओळींनाच लागू असेल तर ४० मधून सरासरी ४ उरतात आणि तुम्ही मागितलेले असतात १०. अशा वेळी ईएफ सर्च भरमसाट वाढवण्याआधी बघा: अट नेहमी तीच असेल तर त्या विभागांची पार्टिशन (टेबलचे वेगळे भाग) करा. अट इतकी अरुंद असेल की काही हजार ओळीच उरतात, तर त्यांच्यावर सरळ अचूक तुलना करा. ०.८.० पासून अट पुरी होईपर्यंत इंडेक्स पुढे चाळत राहायची सोयही आहे.

आलेखातून व्हेक्टर काढला की अनेक डेटाबेस त्याच्यावर फक्त ‘गेला’ अशी खूण करतात. जागा साफसफाई होईपर्यंत तशीच अडते. रोज बराच डेटा बदलत असेल तर महिन्यातून एकदा इंडेक्सचा खरा आकार आणि पायरी ३ मधला हिशेब जुळतो का ते बघा.

बिघाड झाला तर म्हणून किंवा भार वाटायला डेटाबेसच्या एकसारख्या प्रती ठेवत असाल तर रॅमच्या आकड्याला प्रतींच्या संख्येनं गुणा. आणि एम्बेडिंगचं मॉडेल बदलायचं ठरलं तर जुने व्हेक्टर नव्यांशी तुलना करण्याजोगे राहत नाहीत, सगळं पुन्हा करावं लागतं. त्या काळात जुना इंडेक्स चालू आणि नवा बांधला जातोय, म्हणजे काही दिवस दोन्हींची जागा एकदम लागते. अगदी मापून घेतलेलं मशीन नेमकं तेव्हाच अडतं, म्हणून ते काही दिवस भाड्यानं वाढवायची तजवीज मॉडेल बदलण्याच्या तारखेआधीच करून ठेवा.